नवव्या विषयाला चहा

मंगळवारी सकाळी सभा विभागात माझी बहीण खुर्चीवरून खाली पडली. तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून ती गेल्याचं सांगितलं. त्या वेळी मी ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होतो.

मला बोलवायला सभा विभागाचा शिपाई आला. वडीगोद्रीहून रोज एसटीने येणारा, निवृत्तीला आलेला माणूस. दारात त्याने चपला काढल्या. आमच्या ग्रंथालयात चपला काढायची पद्धत नाही, आणि तोही इतकी वर्षं चपला घालूनच आत येत होता. तरी मला काही कळलं नाही.

"सर, चला," तो म्हणाला.

"आक्काने फाइल मागितली का कुठली?"

"न्हाई. चला तुम्ही. जल्दी."

मी हातातली चिठ्ठी पुस्तकाच्या पाठीवर बसवली, चारी कोपरे अंगठ्याने दाबले आणि मगच उठलो. धातुशास्त्राचं पुस्तक होतं. अजून त्याच फडताळात आहे. चिठ्ठी अगदी सरळ बसली आहे, एका केसाचाही फरक नाही. जाता-येता ती दिसली की मला धक्का बसतो, की त्या क्षणी माझे हात इतके शांत होते.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. दोघंही एकाच विद्यापीठात नोकरीला, ती प्रशासकीय इमारतीत आणि मी ग्रंथालयात. सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी जायचो. मला गाडी चालवता येत नाही, यावरून ती मला गेटपर्यंत ऐकवायची. "सगळ्या जगाची पुस्तकं वाचली, पण ब्रेक कुठंय ते माहीत न्हाई." गेटवर मात्र तिची भाषा बदलायची. आत गेलं की ती 'नाही' म्हणायची, 'न्हाई' बाहेर राहायचं.

ती सभा विभागाची कक्ष अधिकारी होती. हा विभाग काय करतो ते विद्यापीठातल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं. विद्यापीठ म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षा असं लोकांना वाटतं. पण विद्यापीठ चालतं ते सभांवर. व्यवस्थापन परिषद पैसा आणि माणसं बघते, विद्यापरिषद काय शिकवायचं ते ठरवते, अधिसभा वर्षातून थोडे दिवस भरते आणि सगळ्यांना जाब विचारते. त्यांच्या खाली विद्याशाखा, त्यांचे अधिष्ठाते, त्यांची अभ्यास मंडळं. या सगळ्यांच्या सभेत एक माणूस कोपऱ्यात बसून लिहीत असतो. तो जे लिहितो ते पुढच्या सभेत वाचून कायम केलं जातं, आणि कायम झालं की तेच घडलेलं असतं. आमच्याकडे तो माणूस म्हणजे आक्का होती. विद्यापीठ झालं त्या वर्षापासून.

तिची लिहिण्याची एक रीत होती. जाड पुठ्ठ्याची वही उघडायची. डाव्या पानावर पेन्सिलीने, कोण काय बोललं ते जसंच्या तसं. उजव्या पानावर नंतर, पेनाने, ठराव. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की त्याच संध्याकाळी डावी पानं पट्टी लावून फाडायची. मी एकदा हळहळलो होतो. ग्रंथालयातल्या माणसाला कागद फाडलेला बघवत नाही.

"अगं, खरा इतिहास तर डाव्या पानावर असतो."

"असू दे की. लोक भांडले कसे, हसले कशाला, हे सांभाळत बसलो तर विद्यापीठ कधी चालायचं? ठरलं काय तेवढं ठेवायचं."

आमचं विद्यापीठ तसं नवं, पण जागा जुनी. आधी इथे तंत्रनिकेतन होतं. एमआयडीसीत सळयांच्या गिरण्या वाढल्या, बियाणं कंपन्या आल्या, तसं त्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. मग बऱ्याच मागण्या, मोर्चे आणि निवेदनं झाल्यावर कायदा झाला, राजपत्रात छापून आला आणि ते विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. पाटी तीनदा बदलली. गेट तेच आहे. गेटजवळचं लिंबाचं झाड आणि लोहारकामाची कार्यशाळाही तीच आहे.

तंत्रनिकेतनाच्या काळात त्या कार्यशाळेत एक सायंकालीन वर्ग सुरू झाला होता, गिरणीतल्या कामगारांसाठी. दिवसपाळी संपली की संध्याकाळी सहाला यायचं, जोडारी म्हणजे फिटरचं काम, वायरिंग, वेल्डिंग शिकायचं, नकाशा वाचायला शिकायचं. वर्षाच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. आमचे बाबा त्या वर्गाला होते. ते गिरणीत तापलेल्या सळया चिमट्याने ओढायचे. वर्ग केल्यावर ते फिटर झाले, भट्टीपासून लांब गेले. त्यामुळे ते जगले आणि आम्ही शिकलो, असं आक्का म्हणायची. त्यांचं प्रमाणपत्र आमच्या घरात विहाराच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. लहानपणी त्यावरचं बोधचिन्ह बघून मला वाटायचं, ते सरकारने बाबांना दिलेलं पदक आहे.

महाविद्यालय झालं तेव्हा हा वर्ग कुठे बसवायचा हा प्रश्न आला. विद्यापीठ झालं तेव्हा तो आणखी अवघड झाला. कायद्यात विभाग आहेत, संस्था आहेत, केंद्रं आहेत. गिरणीतून थेट आलेल्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गाला त्यात कप्पा नाही. कुलसचिवांच्या दाराबाहेर विद्यापीठाच्या रचनेचा मोठा तक्ता आहे, चौकोनांना रेषांनी जोडलेला. त्यात तो वर्ग शोधून सापडत नाही. म्हणून दर वर्षी विद्यापरिषदेने एका वर्षाची मुदतवाढ द्यायची आणि वर्ग चालू राहायचा, अशी वहिवाट पडली.

हे सगळं मला तपशिलाने माहीत होतं, कारण त्या वर्षी माझ्याकडे विद्यापीठाच्या गौरवग्रंथातलं इतिहासाचं प्रकरण लिहायचं काम आलं होतं. इतिवृत्तांचे बांधलेले खंड मी एकेक करून घरी वाचत होतो. सायंकालीन वर्गाचा ठराव दर वर्षी एकाच शब्दांत होता: चर्चेअंती सर्वानुमते ठरले की, सदर वर्ग पुढील एका वर्षासाठी पूर्ववत चालू राहील. मला ते वाचून भरून आलं. एवढे मोठे शास्त्रज्ञ, प्राचार्य, उद्योजक दर वर्षी बसतात, आमच्या बाबांच्या वर्गाचा विचार करतात आणि एकमताने तो ठेवतात. मी प्रकरणात लिहिलं, 'विद्यापरिषदेने दर वर्षी साधकबाधक चर्चा करून हा वर्ग जपला.' आक्काला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"बरंय," ती म्हणाली. "पण 'जपला' नको. 'चालू ठेवला' लिही."

"का?"

"साधं लिहावं माणसाने."

मी 'जपला' खोडलं. 'साधकबाधक चर्चा' तशीच राहिली. तिने त्यावर बोट ठेवलं नाही.

ती गेल्यावर सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. कुलसचिव घरी आले. पिशवीभर मोसंब्या आणल्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात हे त्यांना कळेना, मलाही कळेना. शेवटी त्यांनी मांडीवरच ठेवल्या.

"ताईंच्या जागी माणूस मिळेपर्यंत तुम्ही सभा विभाग बघा," ते म्हणाले. "तुम्हाला त्यांची पद्धत माहीत आहे. शेवटच्या विद्यापरिषदेचं इतिवृत्त त्यांनी सोमवारीच टंकून माझ्याकडे दिलं होतं. मी सही करून सगळ्या सदस्यांना पाठवलं. आता पुढच्या सभेत ते कायम करायचं, एवढंच."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मला कोणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणत होतो.

तिच्या खुर्चीत बसलो तेव्हा टेबलावर तिचा चष्मा, टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि वही होती. वही शेवटच्या सभेच्या पानावरच होती, मध्ये पट्टी घातलेली. ते इतिवृत्त अजून कायम झालं नव्हतं, म्हणून डावी पानं फाडलेली नव्हती. मी तिचं अक्षर बघायला म्हणून वाचायला लागलो. एक ते आठ विषय, अभ्यासक्रमातले बदल, परीक्षेचे नियम. पेन्सिलीत सगळे बोलताना ऐकू येत होते. मग नववा विषय आला.

डाव्या पानावर असं होतं:

'अधिष्ठाता: हा वर्ग कोणत्या विद्याशाखेत येतो? कुलसचिव: तसा कोणत्याच नाही. अधिष्ठाता: मग चालतो कसा? (हशा.) कुलगुरू: चालतोय खरा. अधिष्ठाता: ती कार्यशाळा आम्हाला नव्या प्रयोगशाळेला हवी आहे. यंदापासून बंद करावा. कुलगुरू: कुणाला काही म्हणायचंय? ठीक आहे, बंद करा. पुढे.'

समासात बारीक अक्षरात दोनच शब्द होते: चहा उशिरा.

आणि उजव्या पानावर, पेनाने, तिच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात: चर्चेअंती सर्वानुमते ठरले की, सदर वर्ग पुढील एका वर्षासाठी पूर्ववत चालू राहील.

मी ते पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं. मला वाटलं ती दमली होती, ओळ चुकली, मागच्या वर्षीच्या खंडातून उतरवताना तसंच राहिलं. पण आक्काकडून असं होत नसे. शेजारच्या आठव्या विषयात तिने एका सदस्याच्या आडनावातली वेलांटी सुधारली होती. ज्या माणसाला वेलांटी दिसते त्याला 'बंद करा' दिसत नाही, हे कसं शक्य आहे?

माझी बहीण खोटं बोलत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही, तो तिचा जाचक स्वभाव होता. भाजीवाल्याने चुकून जास्त पैसे परत दिले तर ती अर्ध्या रस्त्यातून स्कूटर वळवायची. तिने विद्यापरिषदेचा निर्णय उलटा लिहिला होता, टंकला होता, कुलसचिवांची सही घ्यायला दिला होता. आणि दुसऱ्या दिवशी ती मेली होती.

शिपाई पाणी घेऊन आला. मी त्याला विचारलं, "समासात 'चहा उशिरा' असं का लिहिलंय?"

त्याने ग्लास ठेवला. दार लोटून घेतलं. बसत कधी नव्हता, त्या दिवशी बसला.

"माझ्यामुळं झालं, सर," तो म्हणाला. "त्या दिवशी दूध नासलं. मी दुसरं आणायला कँटीनमधी गेल्तो. येईपर्यंत नववा विषय होऊन गेल्ता."

"चहाचा आणि विषयाचा काय संबंध?"

"मॅडमनं तुम्हाला सांगितलं न्हाई?" त्याला खरंच नवल वाटलं. "ज्या मीटिंगला त्या संध्याकाळच्या वर्गाचा विषय असतो, त्या मीटिंगला त्यो नववाच राह्यतो. आन नववा आला की चहा. मॅडम नुसतं माझ्याकडं बघायच्या, मी ट्रे घेऊन आत. मंग कोण साखर कमी म्हणतो, कोण बिस्कुट मागतो, कोणाचा कप कोणाकडं जातो. कुलसचिव साहेब विषय वाचतेत, मोठे साहेब हं म्हनतेत, का दहावा."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. बराबर."

"आणि चर्चा?"

"कसली चर्चा, सर? ह्या खेपेपर्यंत त्या विषयावर कुणी एक शब्द बोलला न्हाई. चहाच तसा करायचो मी. आलं जादा, एकदम गरम. गरम चहा हातात आल्यावर माणूस बोलत न्हाई, फुंकतो."

तो हे अभिमानाने सांगत होता आणि सांगता सांगता रडायला लागला. मला रडू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे इतिवृत्तांचे ते सगळे खंड उभे राहिले, कापडी पाठीचे, सोनेरी आकड्यांचे, माझ्याच हाताने क्रमांक चिकटवलेले. त्यांतली 'चर्चेअंती' ही सगळी अक्षरं. मी ज्यावर इतिहास लिहिला होता ती चर्चा म्हणजे आल्याचा चहा होता. बाबांच्या वर्गाचा विचार कुणी एकदाही केला नव्हता. फक्त माझ्या बहिणीने केला होता, एकटीने, आणि मलाही सांगितलं नव्हतं.

मी दोन दिवस घरातच होतो. तिचा मला राग आला होता. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायला जागा नसते.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो तर सायंकालीन वर्गातली एक बाई माझी वाट बघत होती. ती एमआयडीसीत बियाणं निवडायच्या कामाला आहे, माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. नवरा अपघाताने घरी बसला तेव्हापासून ती वायरिंगचा अभ्यासक्रम करते आहे. वर्गात ती एकटीच बाई. पुस्तक परत करताना ती नेहमी त्याला नवं वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणते.

"सर, वर्ग बंद व्हायलाय म्हणं. खरंय का?"

"कोण म्हणालं?"

"कार्यशाळेत माणसं माप घेऊन गेले. इथं लॅब होनार म्हनले. मला मे महिन्यात परीक्षा द्यायचीय, सर. प्रमाणपत्र भेटलं का वायरमनच्या लायसनला अर्ज करता येतो. आमच्या कंपनीत वायरमन घ्यायचाय, साहेब म्हनला, लायसन आन, मंग बघू. बाई असली तरी चालंल म्हनला." ती हसली. "म्हनला, तू निदान दारू पिऊन पोलवर चढायची न्हाईस."

"मेपर्यंत वर्ग राहिला तर झालं ना तुमचं?"

"माझं झालं. पुढच्यांचं माहीत न्हाई."

तिला सांगण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती वही, जिच्या एका पानावर वर्ग बंद झाला होता आणि दुसऱ्यावर चालू होता.

सभेच्या आधी शोकप्रस्ताव तयार करायचा असतो. आक्काच्या फाइलमध्ये त्याचा नमुना होता, तिच्या हाताने लिहिलेला: '... यांच्या निधनाने विद्यापीठाची हानी झाली आहे. ही सभा त्यांना आदरांजली अर्पण करते.' नावाची जागा टिंबांची. ती टिंबं तिने मोजून काढली असावीत. तिचं पूर्ण नाव त्यात बरोबर बसलं.

सभेच्या दिवशी मी तिच्या कोपऱ्यात बसलो. वही पिशवीत, पायाशी. कुलगुरूंनी शोकप्रस्ताव वाचला, सगळे उभे राहिले. त्या दोन मिनिटांत मी समोर बघत होतो. अधिष्ठाता माझ्या बरोबर समोर होते. चांगला माणूस आहे. आक्का पडली तेव्हा रिक्षेसाठी तेच रस्त्यावर धावले होते. त्यांना प्रयोगशाळा हवी होती यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सगळे बसले. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी 'वाचलं असं समजून' पुढे जातात. पण कुलगुरू म्हणाले, "आज ते वाचू या. त्यांचं शेवटचं आहे."

मी वाचायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा. माझा आवाज तिच्यासारखा आहे असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पण सातव्या विषयाला मला स्वतःलाच तसं वाटलं. आठवा संपत आला तेव्हा दार उघडलं आणि शिपाई ट्रे घेऊन आत आला.

"अरे, आत्ताच?" कुलसचिव म्हणाले.

"आज दूध चांगलं भेटलं, साहेब," तो म्हणाला.

कप सरकायला लागले. कुणी साखर कमीचा मागितला. मी नववा वाचला. चर्चेअंती सर्वानुमते ठरले की. माझा आवाज कुठेही अडला नाही.

"एक मिनिट," अधिष्ठाता म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "चालू राहील, असं ठरलं होतं आपलं?"

कुलगुरूंनी समोरचे कागद उलटले. "लिहिलंय तर तसं."

"मला वेगळं आठवतंय."

"ताईंचं कधी चुकलेलं मला तरी आठवत नाही," कुलगुरू म्हणाले. खोलीतले सगळे आत्ताच तिच्यासाठी उभे राहिले होते.

अधिष्ठाता माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे त्यांची कच्ची वही असेल ना? त्यात बघता येईल."

पिशवी माझ्या पायाला लागलेली होती. शिपाई ट्रे घेऊन भिंतीशी उभा होता.

"इतिवृत्त झालं की त्या कच्ची पानं फाडून टाकायच्या, सर," मी म्हणालो.

यातला शब्दही खोटा नव्हता. फक्त 'कायम झालं की' असं म्हणायचं होतं, ते मी म्हणालो नाही.

"बरं," अधिष्ठाता म्हणाले. "मग माझ्याच लक्षात नसेल." त्यांनी कप उचलला आणि फुंकर मारली.

"कायम," कुलगुरू म्हणाले.

मला त्या क्षणाचा जो धक्का बसला तो आक्का गेल्याच्या धक्क्याहून लहान नव्हता. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस. खरं काय ते छापलेलं असतं यावर माझी श्रद्धा. आणि एका सभ्य माणसाला मी त्याच्या स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावली होती, शांतपणे, जसे ते चिठ्ठीचे कोपरे दाबले होते तसे. आक्कालाही ते इतकंच सोपं गेलं असेल का? की दर वर्षी अवघड जायचं? मला तिला विचारता येणार नाही. कदाचित ते 'साधं लिहावं माणसाने' हेच तिचं सांगणं होतं आणि मला ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी कार्यशाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत फळ्यावर दोन दिव्यांच्या जोडणीचा नकाशा काढलेला होता. ती बाई स्टुलावर चढून तारा जोडत होती, खालून एक गिरणीतला गडी तिला चिडवत होता, "वैनी, करंट लागला तर आम्हाला आधी सांगा, मंग पडा." ती वरूनच म्हणाली, "तुला सांगून पडायला तू काय माझा नवरा हायेस?" सगळा वर्ग हसला. दोन्ही दिवे लागले.

डावी पानं त्या दिवशी पट्टी लावून फाडायची होती. मी बाकीची फाडली. नवव्या विषयाचं ठेवलं.

मे महिन्यात त्या बाईने परीक्षा दिली. निकालानंतर ती पेढे आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं शेवटचं पुस्तक घेऊन आली. त्याच आठवड्यात मी अधिष्ठात्यांच्या खोलीत गेलो, वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी बाबांचं प्रमाणपत्र ठेवलं आणि उभा राहिलो. त्यांनी डावं पान वाचलं, उजवं वाचलं.

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"त्यांचे वडील त्या वर्गाला होते?"

"आमचे, सर."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे परत सरकवली. "मुदत संपेपर्यंत कार्यशाळेला हात लावत नाही. पण पुढच्या वेळी मी बोलणार. आणि जोरात बोलणार."

"बोला, सर," मी म्हणालो. "कुणीतरी बोलायला हवं होतं."

सभा विभागात अजून नवा माणूस आलेला नाही, त्यामुळे विषयपत्रिका मीच करतो. मुदतवाढीचा विषय ज्या सभेत येईल तिच्या विषयपत्रिकेचा मसुदा मी केला आहे. वर्गाचा विषय इतिवृत्ताच्या लगेच नंतर, दुसरा घेतला आहे. सोबत टिपण जोडलं आहे: वर्ग कधीपासून आहे, कोण येतं, शिकून काय करतं. बाबांच्या प्रमाणपत्राची प्रत आहे. त्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान आहे. आणि वहीतल्या दोन्ही पानांची प्रत आहे, डाव्या आणि उजव्या. कुलसचिवांनी ते पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि सही केली. माझ्याकडून खुलासा मागवला आहे. तो मी लिहितो आहे.

शिपायाला सांगितलं, त्या दिवशी चहा विषय संपल्यावर आणायचा.

"संपल्यावर? मंग ते बोलतील की, सर."

"बोलू द्या."

"आन बंद केला तर?"

तो ग्लास उचलून गेला. दारातून परत वळून म्हणाला, "चहा तरी चांगलाच करतो मंग."

इतिहासाच्या प्रकरणातलं 'साधकबाधक चर्चा करून' मी खोडलं आहे. आता तिथे एवढंच आहे की वर्ग चालू होता. आक्काचा चष्मा टेबलाच्या खणात आहे. वही कुलसचिवांच्या कपाटात आहे. वर्ग संध्याकाळी सहाला भरतो. त्याच्या मुदतीचे चार महिने उरले आहेत.